कुजबुजू नकोस, कुंदे

सांगली, रविवार

प्रिय कुंदे,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, तुमच्या घरात चोर शिरलाय. इतकं हळू बोलत होतीस! मग उमगलं की बाईसाहेब मिसिसॉगातल्या स्वतःच्या घराच्या तळघरात, धुण्याच्या मशीनशेजारी उभ्या राहून, बारा हजार किलोमीटरवरच्या मैत्रिणीला ‘बसायचा त्रास होतोय गं’ एवढं एक वाक्य सांगतायत. वर सून, वर नातू, कुणाच्या कानावर जायला नको. मशीनच्या घरघरीतून मला त्यापुढचे जेमतेम पाच शब्द ऐकू आले: मूळव्याध, पाकीट, गोळी, ‘कुठून’ आणि फ्रीज. पुढे कुणीतरी जिना उतरलं असावं, कारण तू एकदम ‘हो हो, हवा छान आहे इकडे’ म्हणून फोन ठेवलास. उणे अठरा डिग्रीत हवा छान!

म्हणून हे पत्र. पत्रात कुजबुजता येत नाही.

आधी तुझी लाज काढून टाकते. अठ्ठावीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते, तुला माहीत आहे. ताप, खोकला, अ‍ॅसिडिटी असलेला माणूस दुकानात शिरतानाच ओरडतो. मूळव्याधीचा माणूस तसा येत नाही. तो आधी पलीकडच्या फुटपाथवर उभा राहतो. दुकान रिकामं झालं की येतो, क्रोसिनची एक पट्टी मागतो, पैसे देतो, दोन पावलं जातो, परत फिरतो आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणतो, ‘ते जरा… बसायला त्रास होतोय, त्याचं काही आहे का?’ बायका तर येतच नाहीत, नवऱ्याला पाठवतात. आणि नवरा सांगतो, ‘आमच्या मित्राला पाहिजे.’ सांगलीत मित्रांना इतकी मूळव्याध असेल असं मला त्या दुकानात बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८च्या डिसेंबरात मूळव्याधीपायी ठरलेल्या भेटीगाठी रद्द केल्या होत्या, आणि ते पेपरात छापूनही आलं. साऱ्या जगाला कळलं तरी त्यांचं काही बिघडलं नाही. तुझ्या सुनेला कळलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

आता तू पाकीट आणलंस म्हणालीस, त्याकडे वळते. पण त्याआधी दोन वाक्यं दुखण्याबद्दल, नाहीतर गोळी नेमकी कशासाठी घ्यायची तेच कळणार नाही.

गुदद्वाराच्या आत, साधारण चार सेंटिमीटरच्या त्या बोळात, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या असतात. त्या तुला आहेत, मला आहेत, तुझ्या नातवालाही आहेत. दार घट्ट मिटायला त्यांची मदत होते. त्या सुजल्या, खाली सरकल्या की आपण म्हणतो मोड आले, मूळव्याध झाली. कुंथणं, खडा होणं, तासभर संडासात बसणं, बाळंतपण, वजन, वय, सगळ्याचा भार त्यांच्यावर येतो. त्या बोळात मध्यावर एक दातेरी रेषा असते. रेषेच्या वरच्या अस्तराला दुखणं कळत नाही, खालच्या कातडीला मात्र सुई टोचल्यासारखं कळतं. म्हणून आतल्या मोडांतून लालभडक रक्त पडतं आणि दुखत काहीच नाही, तर बाहेरच्या मोडात गाठ धरली की माणसाला खुर्ची शत्रू वाटते. जुने वैद्य मूळव्याधीच्या ‘अर्श’ या नावाची फोडच ‘शत्रूसारखं छळणारं’ अशी करतात, आणि सुश्रुताने त्याला आठ महागदांत, म्हणजे मोठ्या आजारांत, बसवलंय. उगीच नाही.

आपल्याकडे मात्र खाली काहीही झालं की मूळव्याधच. शौचाच्या वेळी काच चिरत गेल्यासारखं दुखत असेल आणि नंतरही तासभर ठणकत असेल तर ती बहुधा फिशर, म्हणजे चीर. बाजूला पुळी येऊन पू वाहत असेल तर भगंदर. मूळव्याधीच्या गोळीने या दोन्ही बऱ्या होत नाहीत, आणि चिरेत ती गोळी सरकवणं म्हणजे जिवंतपणी नरकयातना. तेव्हा तुला नेमकं काय होतंय ते आधी एका डॉक्टरला बघू दे. बघायला पाच मिनिटं लागतात, त्यांनी आयुष्यभर तेच बघितलेलं असतं.

हां, तर तुझी ती गोळी, म्हणजे सपोझिटरी. ती तोंडातून नाही गं घ्यायची! तुझा ‘कुठून’ त्यासाठीच होता ना? विचारलंस ते बरं केलंस. ती शौचाच्या वाटेने आत ठेवायची. आणि हे काही परदेशी फॅड नाही. तुझ्या आजीने बाळाचं पोट फुगलं की विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून काय केलं होतं, आठवतं? ती आपली घरगुती सपोझिटरी. आयुर्वेदात तिला वर्ती म्हणतात. (देठाचा प्रयोग आता कुणी करू नये. तुझा मुलगा त्यातून सुखरूप वाचला, एवढं पुरे.)

डी. फार्मला असताना आम्ही सपोझिटरी हाताने केल्यात. कोको बटर वाटीत घ्यायचं, ती वाटी गरम पाण्यावर धरायची, अलगद वितळवायचं, त्यात औषध कालवायचं आणि पितळी साच्याच्या भोकांत ओतायचं. साचा दोन भागांचा, स्क्रू पिळून बंद करायचा, आतून ग्लिसरीन आणि मऊ साबणाचा हात फिरवलेला. थंड होताना ते आकसतं म्हणून काठोकाठ नाही, वर थोडं जास्तच ओतायचं आणि गोठलं की सुरीने सपाट कापायचं. माझ्या पहिल्या बारा गोळ्या गोठल्याच नाहीत. सर म्हणाले, ‘जास्त तापवलंस.’ कोको बटरची हीच गंमत आहे. ते साधारण चौतीस-पस्तीस डिग्रीला वितळतं, म्हणजे बाहेर घट्ट आणि शरीराच्या सदतीस डिग्रीत पातळ. पण भसकन तापवलं तर त्याचे स्फटिक बिघडतात आणि मग ते खोलीच्या साध्या तापमानाला गोठायला तयार होत नाही. तोंडात टाकलेलं चॉकलेट विरघळतं ते अंगाच्या उबेने वितळण्याच्या याच गुणामुळे. हल्ली बऱ्याच कंपन्या त्याऐवजी दुसरी घट्ट चरबी वापरतात, पण तत्त्व तेच.

यातून फ्रीजचा प्रश्न सुटतो. आमच्या दुकानात मे महिन्यात दुपारची वीज गेली की सपोझिटरीच्या पाकिटात साजूक तुपासारखा प्रकार व्हायचा. परत थंड केलं तरी आकार वाकडा आणि औषध एका टोकाला गोळा झालेलं. असली परत पाठवायची. तुझ्याकडे उलट आहे. बाहेर बर्फ, पण घरात हीटर, आणि तू ते पाकीट बाथरूममध्ये हीटरच्या जाळीवर ठेवलं असणार, ओळखते मी तुला. पाकिटावर बघ, बहुतेक पंचवीस डिग्रीच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असेल. मग बेडरूममधलं कपाट पुरे. वापरायच्या वेळी मऊ लागली तर वेष्टन न काढता दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये किंवा थंड पाण्यात ठेव. फ्रीझरमध्ये नको. बर्फाची सुरी आत घालायची नाहीये आपल्याला.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पाकिटावर काय लिहिलंय? सपोझिटरी हा फक्त आकार आहे. आत काय भरलंय त्यावर सगळं.

याचा धडा मी घरातच घेतलाय. एकदा आमच्या ह्यांना हा त्रास झाला. मी दुकानातून थकून आलेली, ड्रॉवरमध्ये दोन पाकिटं होती, दोन्ही पांढरी, दोन्हींत टोकदार गोळ्या. मी त्यातलं एक हातात दिलं आणि कुकर लावायला गेले. अंगावर शाल घेऊन हे दिवाणावर डाव्या कुशीवर पडले, मी सांगितल्याप्रमाणे. वीस मिनिटांनी दिवाण रिकामा, शाल जमिनीवर आणि संडासाचं दार बंद. मी दिलेली होती बिसाकोडिलची, म्हणजे पोट साफ करण्याची. ती पंधरा मिनिटं ते तासाभरात काम करते, आणि चोख करते. फार्मासिस्ट बायकोच्या हातून! ते अजून पाहुण्यांसमोर सांगतात, फक्त कुठलं औषध ते सांगत नाहीत, ‘हिने मला एकदा विष दिलं होतं’ म्हणतात.

तर ग्लिसरीन किंवा बिसाकोडिल दिसलं, तर ती बद्धकोष्ठाची. मूळव्याधीच्या आगीवर तिचा उपयोग नाही. मूळव्याधीच्या गोळीत साधारण चार जातींची औषधं असतात, कधी एक, कधी दोन-तीन एकत्र. झिंक किंवा बिस्मथचे क्षार आणि ती चरबी स्वतः, हे सगळं नुसतं लेपासारखं वर पसरतं, घर्षण कमी करतं. हे सगळ्यात सौम्य. लिडोकेन, सिंकोकेन, प्रामॉक्सिन असं काही असेल तर ते बधिर करणारं. आग, ठणका कमी होतो, पण एखाद्याला त्याचीच अ‍ॅलर्जी येऊन खाज वाढते, मग माणूस आणखी गोळ्या घालतो आणि चक्र सुरू. तिसरं हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टिरॉइड. सूज आणि खाजेला उत्तम, पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय आठवड्याच्या पुढे नाही, कारण तिथली नाजूक कातडी पातळ होते.

चौथं तुझ्यासाठी खास: फेनिलेफ्रिन. तुमच्याकडच्या दुकानांत मोकळ्या मांडणीवर मिळणाऱ्या मूळव्याधीच्या काही औषधांत ते असतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून सूज ओसरल्यासारखी वाटते. पण कुंदे, तुला बीपीची गोळी चालू आहे ना? ज्याला बीपी, हृदयविकार, थायरॉइड, मधुमेह किंवा प्रोस्टेट आहे त्याने हे विचारल्याशिवाय वापरू नये. तुला वाटेल, खाली ठेवलेल्या गोळीचा वरच्या बीपीशी काय संबंध? आहे. त्या भागातल्या खालच्या शिरांमधलं रक्त यकृताला वळसा घालून सरळ अंगभर फिरायला जातं, त्यामुळे थोडं का होईना औषध रक्तात उतरतं. तू जे पाकीट आणलंस ते घेऊन उद्या त्याच दुकानात जा आणि फार्मासिस्टला तुझ्या रोजच्या गोळ्यांची यादी दाखव. तुमच्याकडे तर बाजूला घेऊन बोलायला आडोसाही असतो. माझ्या काउंटरवर आडोसा म्हणजे ओआरएसच्या खोक्यांचा ढीग होता.

आणि मलम, गोळी, दोन्हींत एकच औषध असेल तर दोन्ही एकदम नको. दुप्पट लावलं म्हणजे निम्म्या दिवसांत बरं, हा हिशेब फक्त भिंत रंगवताना चालतो.

आता ठेवायची कशी. हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी न लाजता लिहिते.

आधी पोट साफ होऊ दे. सपोझिटरी ठेवून लगेच शौचाला गेलीस तर पैसे कमोडमध्ये. म्हणून सकाळी शौचानंतर आणि रात्री झोपताना, या दोन वेळा बहुतेकांना सोयीच्या. दिवसात जास्तीत जास्त किती हे पाकिटावर असतं, त्याच्या पुढे जायचं नाही. जागा कोमट पाण्याने धुऊन हळूच टिपून घे. कागदाने घासू नकोस, आणि सुगंधी वाइप्स तर मुळीच नकोत. इतकी वर्षं तिकडे राहून बाथरूममध्ये तांब्या ठेवतेस की नाही? ठेव. मूळव्याधीला कोरड्या कागदापेक्षा आपला तांब्या शंभर पटीने बरा.

हात साबणाने धू, नखं कापलेली हवीत. मग वेष्टन काढ. हसू नकोस, हे मी मुद्दाम लिहितेय. एक काका तीन दिवसांनी तणतणत दुकानात आले, ‘तुमची गोळी टोचते.’ चौकशी करता कळलं, चंदेरी वेष्टनासकट. चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी पाकीट दिलं होतं, ‘आत ठेवा’ म्हणाले होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले होते. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला ‘वरचा कागद सोलून’ असं म्हणायला लागले, मग पलीकडचं गिऱ्हाईक माझ्याकडे कितीही टवकारून बघो.

डाव्या कुशीवर झोप, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाकडे घे. गोळीचं टोक साध्या पाण्याने ओलं कर, फारच कोरडं वाटलं तर पाण्यात विरघळणारी जेली लाव. तेल, व्हॅसलीन नको. एक लांब श्वास सोड, म्हणजे दार आपोआप सैल पडतं, आणि बोटाने अलगद सरकव, साधारण बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, दाराचा घट्टपणा ओलांडेल इतकं. घट्टपणाच्या अलीकडे राहिली तर बाहेर घसरते. फार खोल ढकललीस तर ती वर जाऊन विरघळते आणि मोड बिचारे खाली तसेच. कुठे अडकली, दुखलं, रक्त आलं तर जोर करू नकोस, थांब. ही परीक्षा नाही.

कुठलं टोक आधी, यावरही डॉक्टरांत वाद आहे बरं का! आपण सगळे टोकदार बाजू आधी घालतो. १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये इजिप्तच्या डॉक्टरांनी लिहिलं की बोथट बाजू आधी घातली तर गोळी स्वतःच आत ओढली जाते, बोट घालावंच लागत नाही. पुढे इतरांनी त्यावर शंका काढल्या. मी आपली पाकिटावर जे चित्र असेल ते करायला सांगते. टोकापेक्षा धीर महत्त्वाचा.

ठेवल्यावर पंधरा मिनिटं पडून राहा, तासभर तरी शौचाला जायचं टाळ. शक्य असेल तर त्या वेळात मला फोन कर, आपल्या गप्पा तासाच्या आत संपतच नाहीत. चरबी वितळली की थोडं तेलकट बाहेर येतं, घाबरू नकोस, जुना परकर किंवा पातळ पॅड वापर. नाहीतर तुझ्या सुनेची पांढरी चादर जाईल आणि मग खरंच सगळं घर जागं होईल.

आता खरं सांगू? तुझे मोड बाहेरचे असतील तर ही गोळी फारशी कामाची नाही. ती आत विरघळणार, दुखणं दारात. त्याला मलमच बरं. आपल्याकडे म्हणूनच लांब नळीची ट्यूब जास्त खपते, बाहेरही लागते, थोडी आतही जाते. आणि आतले असले तरी गोळी दुखणं शांत करते, बरं करत नाही. तिचं काम म्हणजे भांडणाऱ्या दोघांना चहा पाजून बसवणं. भांडण मिटवायचं तर मूळ बघावं लागतं, आणि मूळ तुझ्या थाळीत आहे आणि कमोडवर.

थंडीत तुला पाणी प्यायचं सुचतच नाही. हीटरने अंग सुकतं, ब्रेड आणि चीज पोटात, मग खडा होणारच. रात्री इसबगोलाचा भुसा घे, दोन चमचे, पण मोठा ग्लासभर पाण्यात आणि वर आणखी ग्लासभर. कमी पाण्यात घेतलंस तर तोच सिमेंट होतो. तुझ्या रोजच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेव. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालासकट फळं, ताक. ताकाचं चरकाने या दुखण्यात भरभरून कौतुक केलंय, आणि सुरणाला तर संस्कृतात अर्शोघ्न असं नावच आहे. सुरणाने मोड झडतात असं मी म्हणणार नाही, पण भाजी चविष्ट होते आणि चोथा पोटात जातो, माझी काही तक्रार नाही. तुमच्या भारतीय दुकानात फ्रोझन मिळतो असं तूच एकदा सांगितलं होतंस.

कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल घे, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. उकिडवं बसायचं आपलं जुनं शहाणपण तेवढंच परत मिळतं. पाच मिनिटांत नाही झालं तर उठ. आणि तो मोबाइल बाहेर ठेव! संडासातून ‘सुप्रभात’ पाठवतेस ते मला वेळेवरून कळतं.

दिवसातून दोन-तीनदा, शौचानंतर तर नक्की, टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बस. मीठ, डेटॉल, तुरटी काही नको, नुसतं पाणी. काउंटरमागे इतकी औषधं विकूनही मी सांगते, पहिल्या चार दिवसांत या टबाइतका आराम बऱ्याच गोळ्यांनी मिळत नाही. मला माझ्या धाकट्याच्या वेळी झाली होती ना, तेव्हा मी टबात बसून निम्मी कादंबरी वाचली होती. त्यावरून आठवलं, तुझी पुतणी गरोदर आहे असं मागे म्हणाली होतीस. तिलाही हा त्रास होऊ शकतो, त्या दिवसांत बऱ्याच जणींना होतो, पण तुझ्या पाकिटातली गोळी तिला देऊ नकोस. तिची डॉक्टर सांगेल ती.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी पेन दोनदा खाली ठेवलं.

दुकानात एक गृहस्थ यायचे. शाळेत शिक्षक असावेत, शर्टाच्या खिशाला खडूची पूड असायची. दर पंधरा दिवसांनी मूळव्याधीच्या मलमाची ट्यूब. चिठ्ठी नाही, बोलणं नाही. मी त्यांना लांबून बघितलं की ट्यूब काढून ठेवायची, म्हणजे त्यांना तोंडाने मागावं लागू नये. मला वाटायचं, मी त्यांची लाज राखतेय. वर्ष-दीड वर्ष असं चाललं. मग ते यायचे थांबले, आणि काही महिन्यांनी त्यांची बायको मिरजेच्या एका डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवरची औषधं वाचून मला कळायचं ते कळलं. आतड्याचं होतं. त्यांना मूळव्याधही असेल, नव्हती असं नाही. मूळव्याध असली म्हणून दुसरं काही होत नाही असा नियम थोडाच आहे? पण दीड वर्षात मी एकदाही विचारलं नाही, ‘रक्त पडतं का? किती दिवस? कुणाला दाखवलंत का?’ तीन प्रश्न. ट्यूब काढून ठेवायला मला जितका वेळ लागायचा, तेवढ्यात विचारून झाले असते.

नंतर मी सगळ्यांना विचारायला लागले. काही गिऱ्हाइकं रागावली, दोघं-तिघं पलीकडच्या दुकानात जाऊ लागली. जाऊ देत.

तुला मी आता तेच विचारते. फोनवर तू रक्ताचं काहीच बोलली नाहीस. पडतं का? थेंब थेंब, लालभडक, शौच झाल्यावर, की शौचात मिसळलेलं, काळपट? शौच डांबरासारखं काळं होतं का? गेल्या काही महिन्यांत पोटाची सवय बदलली का, कधी जुलाब, कधी खडा? वजन कमी झालंय का, नुसतं जिना चढून दम लागतो का? माहेरी कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? भाऊजी रक्त पातळ करणारी गोळी घेतात तशी तूही घेतेस का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पाकीट बाजूला ठेव आणि आधी डॉक्टर गाठ. आणि गोळ्या आठवडाभर वापरूनही फरक नसेल तरीही डॉक्टरच. बाहेर एकाएकी कडक जांभळी गाठ येऊन बसवेना, ताप आला, किंवा रक्त थांबतच नाही असं झालं, तर आठवड्याचीही वाट बघू नकोस. रक्त धो धो येऊन चक्कर आली तर सरळ इमर्जन्सी, तिथे लाज नाही.

तुमच्या ओंटारिओत पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या माणसांना दर दोन वर्षांनी शौच तपासायचा संच घरी मिळतो, डॉक्टरांमार्फत मागवायचा. तू मागवला आहेस का? साठीची झालीस, मैत्रिणी. पण नीट ऐक, तो संच काही त्रास नसणाऱ्यांसाठी आहे. ज्याला डोळ्यांनी रक्त दिसतंय त्याने संच मागवून वाट बघायची नसते, डॉक्टरला दाखवायचं असतं. ते बोटाने तपासतील, लागली तर दुर्बीण घालतील. आणि मूळव्याधच निघाली आणि गोळ्या-भुशाने नाही बसली, तरी लगेच ऑपरेशन नसतं. आतल्या मोडाच्या मुळाशी छोटा रबर बँड बसवतात, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत तो गळून पडतो. बरेच लोक त्याच दिवशी घरी जातात. रस्त्याकडेच्या भिंतीवर ‘बिना ऑपरेशन, एका दिवसात, मुळापासून’ असं रंगवलेलं असतं ना, तसल्या कुणाकडे मात्र इथे आलीस तरी जायचं नाही. कसलं तरी इंजेक्शन, कसली तरी पूड, आणि पुढे मिरजेला सर्जन निस्तरत बसतात.

तर उद्या सोमवार. सकाळी डॉक्टरच्या क्लिनिकला फोन लाव आणि रिसेप्शनवरच्या मुलीला ‘पोटाची थोडी तक्रार’ असं सांगू नकोस, नाहीतर तारीख तीन आठवड्यांनी मिळेल. नाव घेऊन सांग: मूळव्याध वाटते, आणि रक्त पडत असेल तर तेही, मोठ्याने. तपासणी झाली की त्याच संध्याकाळी काय निघालं ते मला कळव. मी जागी असेन. आणि हो, फोन तळघरातून करू नकोस, आवाज येत नाही.

तुझी,
मेडिकलवाली

ता. क. फ्रीजमध्ये ठेवावी लागलीच तर डब्यावर मोठ्या अक्षरात ‘औषध, खायचं नाही’ असं लिही, इंग्रजीत आणि मराठीत. तुझा नातू चार वर्षांचा आहे आणि ती दिसते पांढऱ्या चॉकलेटसारखी.